आठ इज शी

काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘आठ इज शी’ असं छापलेलं होतं. तो घातलेली मुलगी आजोबांचा हात धरून आत आली आणि थेट उज्वलाच्या टेबलासमोर बसली, तेव्हा कानात बघायचा छोटा टॉर्च उज्वलाच्या हातात नुसताच जळत राहिला. असे टी-शर्ट निघालेत हे तिला माहीत होतं. जीवनने आठ दिवसांपूर्वी एक घरीही आणला होता, तिच्या मापाचा, आणि तो कपाटात घडी न मोडता पडला होता. पण दुसऱ्या कुणाच्या अंगावर, भर दुपारी, शरणपूर रोडवरच्या आपल्या दवाखान्यात तो बघणं वेगळं होतं. घरातलं न्हाणीघर उचलून कुणी रस्त्यावर मांडावं तसं तिला झालं. मुलगी वीस-एकवीसची असेल. नाव वेदिका. म्हाताऱ्याचं नाव धोंडीराम, राहणार ताहाराबादकडे, नातीकडे नाशिकला कान दाखवायला आलेले. “ह्यांना ऐकू येत नाही,” वेदिका म्हणाली. “म्हणजे येतं, पण भलतंच येतं.” मग तिने उज्वलाकडे नीट पाहिलं, भिंतीवरच्या पदवीवरचं नाव वाचलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की उज्वलाला पुढचं कळून चुकलं. “मॅडम, तुम्ही जीवन सरांच्या मिसेस ना? म्हणजे तुम्हीच शी!”

“मी उज्वला,” उज्वला म्हणाली.

मराठीत शी म्हणजे काय, हे गेल्या चार वर्षांत या पोरांपैकी एकालाही आठवलं नव्हतं याची तिला खरंच गंमत वाटायची. लहान मूल चड्डी धरून आईला जे सांगतं ते. ती एकदा जीवनला हसत हसत तसं म्हणाली होती, तर त्याचं तोंड एवढंसं झालं. त्याला त्याच्या चाहत्यांची चेष्टा चालत नसे. ‘टोलनाका’ हे त्याच्या बँडचं नाव. कॉलेजात असताना सुरू झालेला हा बँड, दोन अल्बम झाले, दोन्ही पोरांनी डोक्यावर घेतले आणि सात वर्षांपूर्वी तिसरा जाहीर झाला. ‘कोरडा घाट’. आठ गाणी. सात गाण्यांची नावं सांगून झाली, आठव्यापुढे नुसती रेघ. तेव्हापासून जे घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. विंचूरला वाइन पार्कच्या मागे एका मित्राचं रिकामं गोदाम होतं, तिथे रेकॉर्डिंग चालायचं. उज्वला तिथे दोन-तीनदा गेली होती. कांद्याच्या टरफलांचा आणि आंबलेल्या द्राक्षांचा वास, भिंतींना लावलेल्या जुन्या गाद्या, मधे एक माइक आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसलेला जीवन. तो शनिवारी जायचा, रविवारी यायचा, आणि कुणी विचारलं तर ‘अजून बसत नाहीये’ म्हणायचा. बाहेर मात्र या ‘बसत नाहीये’चा केवढा पसारा झाला होता. म्हणे ढोल विहिरीत उतरवून रेकॉर्ड केलेत. म्हणे जीवनने सगळी गाणी जाळून पुन्हा लिहिली. त्याने दाढी वाढवली तरी त्याचा अर्थ निघायचा, काढली तरी निघायचा. कुणीतरी गोदामाच्या खिडकीचा फोटो मोठा करून आत ठेवलेल्या चहाच्या पेल्यांवरून किती माणसं आहेत याचा हिशेब मांडला होता. पेले उज्वलाच्या घरचे होते आणि माणूस एकच होता.

मग तो तुकडा आला. हर्षल, बँडचा ड्रमवाला आणि रेकॉर्डिंगचं तोच बघायचा, त्याने ‘सेशनमधून’ म्हणून काही सेकंदांचा आवाज टाकला. गिटारची एक तार नुसतीच घुमते आहे, स्टूल सरकल्याचा आवाज, त्यात बुडालेलं एक अक्षर, आणि मग जीवनचा आवाज, हलका, अगदी जवळून, कुणालाही ऐकवण्यासाठी नसलेला. आठ इज शी, माय… आणि तिथे तुटतो. झालं. आठवं गाणं म्हणजे ‘शी’! माय म्हणजे इंग्रजी माय, माझी. माझी कोण, हे तोडलंय. मुद्दाम तोडलंय. माय लव्ह, माय लाइफ, माय लास्ट, यावर पोरांनी चार वर्षं रात्रीचे दिवस केले. एकाने ‘आठ इज शी’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘माय’ म्हणून तो शब्द लोंबकळत ठेवायचा, ही त्यांची ओळखीची खूण होऊन बसली. कॉलेज रोडवर चहाच्या टपरीपाशी उज्वलाने ते स्वतः ऐकलं होतं. माय, माय, असं ओरडणारी ती धष्टपुष्ट पोरं पाहून तिला रिक्षातून उतरावंसं वाटलं होतं आणि उतरून काय करायचं ते सुचलं नव्हतं.

तिने आजोबांना आतल्या बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि काचेपलीकडून शब्द म्हणायला सुरुवात केली. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरला. पान. मीठ. दार. ऐकू आलेला शब्द त्यांनी परत म्हणायचा, एवढीच परीक्षा. इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. ज्याला ऐकू येत नाही तो कधीच ‘ऐकू आलं नाही’ म्हणत नाही. तो आपल्या मनातला जवळपासचा शब्द घालतो आणि मोकळा होतो. निवृत्त शिक्षकाला ‘मीठ’ची ‘रीत’ ऐकू येते, गवंड्याला ‘वीट’. बायका नवऱ्याचं नाव ऐकतात, नवरे बायकोचं ऐकत नाहीत. कान बिचारा आवाज पुरवतो, शब्द आपण आपल्या घरचे वापरतो. धोंडीरामांचे उंच सूर गेले होते, बाकी कान वयाच्या मानाने बरा होता. तिने कपाटातलं एक यंत्र काढून त्यांच्या कानात बसवलं आणि वेदिकाला म्हणाली, “काहीतरी बोल त्यांच्याशी. साधं बोल.”

वेदिकाला काही साधं सुचेना. तिने मोबाईल काढला. “आजोबा, हे ऐका. हे कळलं तर तुमचा कान पास.” आणि उज्वलाने नको म्हणायच्या आत तिने तो तुकडा लावला. तार घुमली. स्टूल सरकलं. उज्वला खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्यावर एक माणूस टेम्पोतून फ्लॉवरचे गड्डे उतरवत होता.

“पुन्हा लाव,” धोंडीराम म्हणाले. तिने पुन्हा लावला. म्हाताऱ्याने मान हलवली. “मी आठेच शे, माय. असं म्हनी ऱ्हायना तो.”

वेदिका खळखळून हसली. “बघा मॅडम! सगळ्याचंच शे शे. अहो आजोबा, इंग्रजी आहे ते. शी. शी म्हणजे ती.”

“त्यामा काय इंग्रजी शे?” धोंडीराम जरा चिडले. “पोऱ्या त्याना मायले सांगी ऱ्हायना, मी आठेच शे. इथंच हाय म्हनतो, कुठं गेला नाय.”

“जीवन सर कॉलेज रोडचे आहेत हो. ते कशाला अहिराणी बोलतील?” आणि उज्वलाकडे वळून, क्षमा मागितल्यासारखं, “आमच्या पेजवर पण मालेगावच्या एकाने असंच लिहिलं होतं. सगळे इतके हसले त्याला, बिचारा निघूनच गेला. मी पण हसले होते.”

उज्वलाने यंत्र काढून घेतलं आणि पुसायला लागली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. या मुलीच्या घरी रोज शे शे चालतं, हिच्या आईने हिला पाळण्यात त्याच भाषेत झोपवलं असणार, आणि तरी आपल्या आवडत्या माणसाच्या तोंडी तो शब्द आला तेव्हा हिच्या कानाने तो साफ नाकारला. तिचा राग येईना. राग ज्याचा यायला हवा होता तो या वेळी संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये माइक तपासत होता. जीवन सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला. नाशिकला शिकायला आला तेव्हा पहिल्याच महिन्यात पोरांनी त्याला दर वाक्यातल्या ‘शे’वरून ‘शेपार्टी’ म्हणून छळलं, आणि दिवाळीपर्यंत त्याच्या बोलण्यातून गाव असं काही धुऊन निघालं की नावाला डाग उरला नाही. लग्न झाल्यावर उज्वला सासूकडून, लंकाबाईंकडून, हौसेने एकेक शब्द शिकायला लागली. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे, मझार म्हणजे आत, शे म्हणजे आहे. चुलीपाशी बसून दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. जीवनने एकदाच ऐकलं आणि म्हणाला, “तू ते बोलू नकोस गं. तुझ्या तोंडी बरं नाही वाटत.” तिने ऐकलं त्याचं. त्या काळात ती त्याचं बरंच काही ऐकायची. तो मात्र आईशी फोनवर तेच बोलायचा, दार लावून घेऊन, चोरून सिगारेट ओढावी तसं.

लंकाबाईंना शेवटी नाशिकच्या दवाखान्यात आणलं तेव्हा शनिवार होता. डॉक्टरांनी उज्वलाला बाहेर बोलावून सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. तिने दुपारपासून जीवनला फोन लावले. तो म्हणायचा, निघतो. मग म्हणायचा, एवढा टेक होऊ दे, आज पहिल्यांदा बसतंय. विंचूर काही सातासमुद्रापार नाही. निघाला असता तर दिवेलागणीच्या आत दारात उभा राहिला असता. संध्याकाळी लंकाबाई शुद्धीवर आल्या आणि त्यांनी एकच धोशा लावला. मना जीवन कोठे शे? उज्वला, कोठे शे तो? उज्वलाने पुन्हा फोन लावला, म्हणाली, तू बोल आता, मला काही सांगता येत नाही त्यांना, आणि फोन म्हाताऱ्या कानाला लावून धरला. फोनचा आवाज मोठा होता, तिला स्वच्छ ऐकू आलं. आधी तार घुमत होती. मग स्टूल सरकलं. मग जीवन म्हणाला, “मी आठेच शे, माय.” लंकाबाईंचा चेहरा इतका निवला की उज्वलाला हुंदका आवरेना. “मंग मझार ये ना रे भाऊ,” त्या म्हणाल्या. मग आत ये ना.  फोनमध्ये नुसती तार घुमत राहिली, बऱ्याच वेळाने फोन बंद झाला. लंकाबाईंना ते कळलं नाही. त्यांना वाटलं पोरगा दाराबाहेर चपला काढतोय. त्या दाराकडे तोंड करून पडून राहिल्या. नर्स आली की मान उचलायच्या, वॉर्डबॉय आला की उचलायच्या. पहाटे डोळे मिटले नाहीत, उज्वलाने मिटले. त्यातही तिला डोकं दाराकडेच वळलेलं ठेवावंसं वाटलं, कशासाठी कोण जाणे.

माइक चालू होता हे जीवनला तेव्हा माहीत नव्हतं. हर्षल देवळाली कॅम्पात वाढलेला, घरी हिंदी, वडील फौजेत. त्याला वाटलं जीवन चालीवर डमी शब्द टाकतोय. चाल आधी सापडली की जीवन खरे शब्द मिळेपर्यंत तोंडाला येईल ते गायचा, ता रा रा च्या ऐवजी अर्थ नसलेली बडबड. ती त्याची नेहमीची रीत होती. बाराव्याला उज्वला गावाकडे पाहुण्यांचं बघत असताना इकडे हर्षलने तो तुकडा टाकून दिला. जीवनने तो तिथेच, ओट्यावर बसून, मुंडण केलेल्या डोक्याने ऐकला. उज्वलाने त्याला ऐकताना पाहिलं. तिला वाटलं आता हा मोबाईल विहिरीत फेकून देईल. त्याने मोबाईल खिशात ठेवला. आठवड्याभरात बँड मेला मेला म्हणणारी पोरं हजारांनी परत आली, आणि त्याने तो तुकडा राहू दिला. त्यानंतर विंचूरला रेकॉर्डिंग म्हणून काही झालंच नाही. त्याचा आवाज माइकसमोर उघडेना. तो शनिवारी जायचा, स्टुलावर बसायचा, आणि रविवारी यायचा. तेव्हा तिला त्याची दया आली होती. खरं सांगायचं तर दयेवरच तिने चार वर्षं काढली. तिला वाटायचं, हा आतून फुटलाय, एक दिवस आपल्याजवळ बसेल आणि तेवढं एक बोलेल. बाकी काही नको होतं तिला. अल्बमची वाट महाराष्ट्र बघत होता, ती त्या एका वाक्याची बघत होती.

वाक्य आलं नाही, गाणं आलं. यंदा पावसाळा संपताना जीवनने एका बैठकीत आठवं गाणं लिहून टाकलं. नाव ‘शी’. आणि तुटलेल्या शब्दापुढे, चार वर्षं लोंबकळत ठेवलेल्या त्या ‘माय’पुढे, त्याने बायकोचं नाव बसवलं. आठ इज शी, माय उज्वला. चाल चांगली होती, हेच वाईट होतं. आज संध्याकाळी हॉलमध्ये ते पहिल्यांदा वाजणार आणि त्यानंतर उज्वलाने स्टेजवर जायचं असं ठरलं होतं. म्हणजे त्याने ठरवलं होतं.

“तू फक्त ये,” तो सकाळी म्हणाला होता, दाढी करता करता, आरशातूनच. “बोलायचं काही नाही. उभी राहा.”

“मी येते. तू आधी त्यांना सांग तो शब्द काय आहे.”

“कुठला शब्द?”

“जीवन.”

“अगं, सगळं छापून झालंय. आता काय सांगणार?”

“बरं, त्यांना नको सांगू. मला सांग. एकदा. इथे, आत्ता.”

त्याने पाण्यात रेझर हलवलं. ती वाट बघत होती. तिला वाटलं, बोलतोय.  “तो डमी शब्द होता गं,” तो म्हणाला. “काहीतरी तोंडात आलं असेल चालीवर. हर्षलला विचार ना.” आणि आरशात तिच्याकडे न बघता त्याने हनुवटीखालचा फेस पुसला. फोन जिने धरला होता तिला तो हे सांगत होता. ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. दूध उतू गेलं तरी उभीच होती. चिडायला काहीतरी शिल्लक असावं लागतं. तिला आतून नुसतं कडूजार झालं होतं, आणि डोक्यात एकच गोष्ट येत होती, की याने हे खोटं आपल्यासाठी रचलेलं नाही. याचा आता त्यावर विश्वास बसलाय.

“मॅडम, येताय ना संध्याकाळी?” वेदिका निघताना म्हणाली. “मी लाइव्ह करणारे आमच्या पेजवरून. सगळे तुमचीच वाट बघतायत.” धोंडीराम दारात थबकले. उज्वलाला म्हणाले, “माले बराबर ऐकू येस ना, बाई?” ती म्हणाली, “तुम्हाला बरोबर ऐकू येतं, बाबा.” म्हातारा खूश होऊन गेला.

सगळे पेशंट आटोपले. मदतनीस मुलगी घरी गेली. उज्वलाने शटर अर्धं खाली ओढलं आणि साडी बदलायला आणलेली पिशवी उघडली. साडी चांगली होती, गर्द हिरवी, लंकाबाईंनी दिलेली. ती बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग घडी मोडलीच आहे तर नेसावी म्हणून नेसली, आरशात पाहिलं, आणि कॉम्प्युटरवर वेदिकाचं लाइव्ह लावून बंद खोलीतल्या, पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खोलीत बाहेरचं काही येत नाही. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. काचेपलीकडच्या पडद्यावर हॉल गच्च भरलेला दिसत होता, सगळीकडे काळे टी-शर्ट. आवाज हेडफोनमधून येत होता. सात गाणी झाली. पोरं प्रत्येक गाण्याला अशी रडत होती की तिला त्यांची माया वाटली. इतकी वाट बघणारी माणसं वाईट नसतात. मग आठवं गाणं. तिने हेडफोन काढून हातात धरले आणि नुसतं जीवनचं तोंड उघडताना मिटताना पाहिलं. तिच्या नावापाशी त्याने डोळे मिटले होते.

मग टाळ्या, मग तो डोळ्यांवर हात धरून गर्दीत बघू लागला. पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी. त्याने हसत खिशातून मोबाईल काढला, माइकपाशी धरला. पोरांना तो प्रकार फार आवडला. तिच्या मांडीवरचा फोन थरथरला.

“उज्वला,” तो म्हणाला. आवाज गोड होता, स्टेजवरचा. “सगळे वाट बघतायत. कुठे आहेस तू?”

तिने काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. येतेच म्हणावं, येत नाही म्हणावं, दोन्ही जिभेवर होतं. पण खोली इतकी शांत होती की तिला आधी ती तार ऐकू आली, आणि मग चुलीपाशी शिकलेले शब्द, कधीच न वापरलेले, एकेक करून नीट तोंडात आले.

“मी आठेच शे,” ती म्हणाली.

फोनमध्ये प्रचंड गलका झाला. पडद्यावर तो काही क्षण उशिरा पोचला. आधी तिचाच आवाज हॉलभर घुमून हातातल्या हेडफोनमधून परत आला, मी आठेच शे, आणि मग सगळ्या पोरांनी, त्या शेकडो पोरांनी, वेदिकाने, हात उंचावून त्याला नेहमीची साथ दिली. माय! माय! माय! एकालाही काही कळलं नव्हतं. कळलं होतं ते एकट्याला. जीवनचा हात माइकजवळ तसाच राहिला होता आणि त्याचा चेहरा बाराव्याच्या दिवशी ओट्यावर होता तसा झाला होता. माय, माय, हॉल ओरडत होता. तो फोनमध्ये बोलला, आणि हा आवाज स्टेजवरचा नव्हता, दार लावून बोलायचा तो होता.

“मग आत ये ना,” तो म्हणाला.

बोलून गेल्यावर आपण कुणाचं वाक्य बोललो ते त्याला समजलं. तिला फोनवर त्याचा श्वास अडकलेला ऐकू आला.  उज्वलाने फोन कानालाच धरून ठेवला, बंद केला नाही. पडद्यावर पोरं आनंदाने वळली आणि हॉलच्या दाराकडे बघू लागली, माना उंच करून, मोबाईल दाराकडे रोखून. कुणीतरी दारातली पाणी विकणारी बाई बाजूला सारली. जीवनही दाराकडे बघत होता. पोरं थोड्या वेळाने कंटाळतील, जेवायला जातील. लंकाबाई पहाटेपर्यंत बघत होत्या. जीवन किती वेळ बघतो ते पाहायला उज्वला साडीचा पदर सावरून खुर्चीत नीट मागे टेकून बसली.